कोल्ह्याच्या वाटणीचं कलिंगड

माझ्या थोरल्या दिरांची, म्हणजे दादांची, सगळी नोकरी कोयना प्रकल्पावर, अलोऱ्याच्या कॉलनीत गेली. त्यामुळे धरण, पाणी आणि भिंत या तीन विषयांवर घरात बोलायचा अधिकार फक्त त्यांचा, असं त्यांनीच ठरवून टाकलेलं. मी खारभूमीच्या कामावर ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले तेव्हा दादांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "म्हणजे तू मातीचा ढीग घालणार आणि खेकडे तो पोखरणार, असंच ना?" तेव्हा मला राग आला होता. आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही, माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन पुढे कुणालाच जमलं नाही.

खारबंदिस्ती म्हणजे काय, हे लांब राहणाऱ्यांना सांगायला हवं. खाडीकाठची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असतात. मध्ये आडवं काही नसेल तर समुद्र दिवसातून दोनदा पाहुणा येईल आणि जाताना मीठ ठेवून जाईल. म्हणून खाडीच्या कडेने मातीचा लांबलचक बांध घालतात. खाडीच्या अंगाला दगड लावतात, त्याला पिचिंग म्हणतात, आणि अधूनमधून उघाडी ठेवतात. उघाडी म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, आणि भरती चढली की खाडी स्वतःच ते दार लावून घेते. आमच्या कामावर न सांगता वेळेवर हजर राहणारी तेवढी एकच गोष्ट होती.

लोकांना वाटतं बांधाचा शत्रू समुद्र. समुद्र बिचारा सरळ माणूस, समोरून येतो आणि पंचांगात सांगून येतो. खरा शत्रू भोक. खेकडा ओल्या मातीत बीळ पाडतो. घूस ते बीळ आपल्या बाळंतपणासाठी रुंद करून घेते, आणि एखाद्या उधाणाला पाणी त्यात शिरून उरलेलं काम उरकतं. बांधाला खिंडार पडलं की त्याला खांड गेली म्हणतात. खांड गेली की त्या वर्षीचं भात गेलं, आणि पुढची काही वर्षं शेतात मिठाशिवाय काही पिकत नाही. भरतीच्या वेळी शेताच्या अंगाने चालत गळती बघायची, हे आमचं मुख्य काम. गळतीचं पाणी स्वच्छ असेल तर तिथेच बसून चहा प्यावा, बांधाला घाम येतोच. पाणी गढूळ असेल तर चहा टाकून धावावं, कारण बांधाच्या पोटातली माती बाहेर चालली आहे.

१९९८ साली माझ्याकडे हेदवीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणारं एक गाव आलं. नाव सांगत नाही. त्या गावची निम्मी माणसं मुंबईत आहेत आणि सगळ्यांकडे माझा फोन नंबर आहे. मी लांज्याची. हायवे, काजू आणि एसटी स्टँड एवढ्यावर वाढलेली. पहिल्या दिवशी मी भर ओहोटीत बांध बघायला गेले आणि 'पाणी कुठे आहे?' असं विचारलं. ते गाव अजून विसरलेलं नाही.

गावात दोन माणसं महत्त्वाची, आणि दोघं चुलत दीर-भावजय. यशवंतभाऊ जन्मभर बोटीवर खलाशी होते. निवृत्त होऊन गावी आले आणि भात काढल्यावर खारातल्या जमिनीत कलिंगडं लावू लागले. खारातलं कलिंगड गोड होतं, आणि यशवंतभाऊंचं तर इतकं गोड की ते विकताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा व्हायचा. त्यांच्या शेताला लागून शेवंताकाकींचं शेत, बांधाच्या अगदी कोपऱ्यात. काकी विधवा. तेवढं एकच शेत, त्यात लाल राता भात, आणि वर्षभराचं जेवण त्यातच. जीभ मात्र अशी की बांधाला दगडांच्या जागी लावली असती तर पिचिंगचा खर्च वाचला असता. मला त्या 'बाय' म्हणायच्या आणि यशवंतभाऊंना समोर 'भावोजी', माघारी 'कप्तान'.

यशवंतभाऊंचं वैर कोल्ह्यांशी. कोल्हे रात्री येऊन कलिंगडं फोडायचे, आणि नेमकी पिकलेलीच फोडायचे. यशवंतभाऊ टिचक्या मारमारून, कान लावलावून कलिंगड तोडणार आणि ते निघणार पांढरं. कोल्हा नुसता वास घेणार आणि लालभडक फोडणार. नुकसानीपेक्षा हा अपमान त्यांना जास्त लागला होता, असं माझं मत आहे.

शेवटी त्यांनी गावाला घेऊन ग्रामदेवतेला कौल लावला. आमच्याकडे विहीर खणण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत देवाला विचारल्याशिवाय काही होत नाही. गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या कळ्या लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. 'कोल्ह्यांचा बंदोबस्त करू काय?' असं विचारलं, आणि देवाने उजवी दिली. कोल्हा गेल्यावर घुशीचं काय, हे कुणी विचारलंच नाही. देव झाला तरी न विचारलेल्या प्रश्नात आपणहून तोंड घालत नाही.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की त्या उन्हाळ्यात यशवंतभाऊंची कलिंगडं टेम्पो भरून गेली आणि पुढच्या पावसाळ्यात माझ्या बांधाची चाळण झाली. सकाळी चिकणमाती ठोकून भोकं बुजवावीत, तर दुसऱ्या दिवशी शेजारी नवी. मी आमच्या मिस्त्रींवर संशय घेतला, मातीवर संशय घेतला, आधीच्या साहेबांवर तर घेतलाच. मिस्त्री शांतपणे म्हणाले की माती तीच आहे, घुशी वाढल्या आहेत.

मग गावाने उपाय काढला: मांजरं. रत्नागिरीच्या मच्छीबाजारातून मुंबईकरांच्या वर्गणीने पोत्यात घालून मांजरं आणली गेली. बांधावर नारळ फोडून ती सोडली. मांजरांनी एकवार बांधाकडे बघितलं, एकवार गावाकडे बघितलं आणि ती गावाकडे गेली. अंगणात वाळत घातलेला सुका जवळा आठवडाभरात संपला. आणि घुशींचं म्हणाल तर आमच्याकडची घूस मांजराएवढी. मिस्त्रींनी उघाडीवर एक मांजर आणि एक घूस वीतभर अंतरावर ऊन खात बसलेली पाहिली. मांजराने सभ्यपणे तोंड दुसरीकडे फिरवलं होतं म्हणे. शेवंताकाकींनी यशवंतभाऊंना निरोप पाठवला की आता मांजरं खायला काहीतरी आणा, आणि ते बोटीतून आणलंत तर बरं.

कोडं सुटलं ते एका घाण गोष्टीवरून. सुटलं म्हणजे, माझ्या पायाला काही लागलं नाही म्हणून सुटलं. बांधावरच्या उंच दगडांवर कोल्हे नेमाने घाण करून ठेवायचे. हद्द सांगायची त्यांची ती रीत. मी पहिलं वर्षभर साडी वर धरून, नाक मुरडत त्यातून वाट काढली होती. एके दिवशी लक्षात आलं की मी साडी सोडून सरळ चालते आहे. दगड स्वच्छ. तेव्हा त्या घाणीत रोज बघितलेलं सगळं डोळ्यांसमोर आलं: खेकड्यांच्या कवचांचे तुकडे, घुशीचे राठ केस, बारीक हाडं. कलिंगडाच्या बिया फक्त उन्हाळ्यातले थोडे दिवस. म्हणजे हा प्राणी वर्षभर माझा बांध पोखरणाऱ्यांना खात होता, आणि उन्हाळ्यात तोंड गोड करत होता, एवढंच.

मी मिस्त्रींना विचारलं, कोल्हे कुठे गेले? मिस्त्री आभाळाकडे बघायला लागले. यशवंतभाऊंना विचारलं तर म्हणाले, देशावर गेले. कोल्हा मारणं हा गुन्हा आहे, विष घालणं तर त्याहून वाईट, हे मी त्यांना चांगलं खडसावून ऐकवलं. "मारलं कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "ऊस खायला गेले असतील." आणि मग खाली बघून, "देवाने उजवी दिली होती, बाय."

खरं सांगायचं तर सगळा दोष कोल्हे नसण्याचाही नव्हता. कुठलाही प्राणी किती वाढावा हे दोन टोकांनी ठरतं. वरून त्याला खाणारं कोण आहे, आणि खालून त्याला खायला किती आहे. आमच्या गावाने दोन्ही टोकं सोडली होती. खाणारा घालवला होता, आणि मासळीचं टाकाऊ, सडकी कलिंगडं, भाताची रचलेली उडवी असा सगळा पाहुणचार बांधाच्या पायथ्याशी मांडून ठेवला होता. घुशीने दुसरं काय करायचं? कोल्ह्यालाही हाच नियम. खेकडे आणि घुशी कमी झाल्या की त्याची पिल्लंही कमी जगतात. गावभर कोल्हेच कोल्हे झालेत असं कधी होत नाही. तशी भीती यशवंतभाऊंनी उगाच बाळगली होती.

टाकाऊ टाकायची जागा मी बदलून घेतली, उडव्या हलवायला लावल्या. पण पोखरलेला बांध काही भाषणाने भरत नाही. पुढच्या वर्षी श्रावणातल्या अमावस्येचं उधाण आलं, वरून पाऊस, आणि दुपारची भरती चढत असताना शेवंताकाकींच्या कोपऱ्यात गळती लागली. मी पोचले तेव्हा पाणी गढूळ होतं.

सारा गाव जमला. शेताच्या बाजूने पेंढा, गोणी, माती, जे हाताला लागेल ते कोंबणं चाललं होतं आणि पाणी ते परत फेकून देत होतं. तेवढ्यात यशवंतभाऊ ओरडले की आतून बोळे कोंबून भोक बंद होत नाही, बोटीला भोक पडलं तर बाहेरून कापड लावतात, पाणीच ते दाबून धरतं. देवळाच्या मांडवाची ताडपत्री त्यांनी मागवली, कडेला दगड बांधले, आणि साठी उलटलेला तो माणूस होडी घेऊन खाडीच्या अंगाला गेला. ताडपत्री भोकावर बरोबर ओढली गेली. धार निम्मी झाली. पण बंद झाली नाही, आणि गढूळपणाही गेला नाही. भरती अजून चढायची होती.

आता एकच उपाय उरला होता आणि तो मला माहीत होता. गळतीचा जोर असतो तो बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी यांच्या उंचीतल्या फरकाचा. आत पाणी तुंबवून ठेवलं तर फरक कमी होतो, जोर मोडतो आणि माती वाहायची थांबते. काकींच्या शेताला तीन बाजूंनी उंच मेर, म्हणजे शेताचा मातीचा बांध होता, चौथ्या बाजूला माझा बांध. शेताचं पाणी बाहेर जायचं तोंड बंद केलं की झालं. खारं पाणी तिथेच साठणार, बांधाला आतून टेकू देणार आणि बाकीचं सारं खार वाचणार. आतलं लावणी झालेलं, गुडघ्याएवढं भात तेवढं जाणार.

हे मी काकींना सांगितलं. इंजिनियरच्या भाषेत सुरुवात केली, मग साध्या भाषेत सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाकीच्यांची वाचतील?"

"वाचतील," मी म्हटलं. "तुमचं भात जाईल. आणि मीठ धुऊन जायला पुढचे पावसाळे जातील."

काकींनी पदर खोचला, मेरेवरून खाली उतरल्या आणि सकाळी पाणी काढून द्यायला स्वतः उघडलेलं शेताचं तोंड स्वतःच्या हाताने चिखल थापून बंद केलं. मग बाकीचे धावले, मेरेवर गोणी चढल्या. शेतात पाणी चढत गेलं आणि भाताचे शेंडे एकेक करून खाली गेले. होडीतून उतरलेले यशवंतभाऊ निथळत उभे राहून ते बघत होते. भरती थबकली, गळती मंदावली, पाणी निवळलं. बांध राहिला. मी त्या दिवशी बांधावर बसून रडले, आणि मिस्त्रींनी मला चहा आणून दिला. नियमाप्रमाणे पाणी स्वच्छ होतं.

दादांना पुढे हे सांगितलं तेव्हा त्यांनी थट्टा केली नाही. फक्त म्हणाले, "आमच्या धरणाला असं कुणी शेत दिलं नाही गं." मग त्यांना आठवलं की दिली होती, पुष्कळांनी, गावंच्या गावं.

दसऱ्याला गावाने पुन्हा कौल लावला. कोल्ह्यांना यापुढे हात लावणार नाही, मागचं पोटात घाल, असं गाऱ्हाणं. यशवंतभाऊंना पुढे उभं केलं होतं. कळ्या लावल्या आणि देव ढिम्म. ना उजवी, ना डावी. गुरवाचं गाऱ्हाणं लांबत चाललं, यशवंतभाऊंच्या कपाळावरून घाम गळू लागला. मागे बायकांत उभ्या असलेल्या शेवंताकाकी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटल्या की देवाला घाई नाही, कप्तानांना अजून भिजू दे. लोक हसले आणि उजवी कळी पडली. हसण्याने पडली असं माझ्यासारख्या इंजिनियरने म्हणायला हवं, पण मी म्हणत नाही.

कौल मिळाला म्हणून कोल्हे लगेच हजर झाले नाहीत. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, थोडे उरले होते, तेच हळूहळू खाली उतरले. मध्ये एक-दोन वर्षं मी दगड बघत चालायची. इंजिनियर बाई घाण शोधत फिरते, अशी गावात माझी कीर्ती झाली. ज्या दिवशी पहिल्यांदा उघाडीजवळच्या दगडावर ती सापडली, कवचांच्या तुकड्यांसकट, त्या दिवशी मी मिस्त्रींना हाक मारून दाखवली आणि आम्ही दोघं शहाणीसुरती माणसं तिथे उभी राहून आनंदाने हसलो. भोकं लगेच संपली नाहीत, कधीच संपत नाहीत. पण बुजवलेलं बुजलेलं राहू लागलं.

त्या वर्षांत शेवंताकाकी दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायच्या. त्यांच्या दारात अधूनमधून तांदळाची गोण दिसायची. कोण ठेवतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या तर मोठ्याने विचारायच्या, 'ही मांजरं आता तांदूळ पण आणायला लागली काय?' यशवंतभाऊंनी मात्र दिवसाउजेडी तिकडे तोंड दाखवलं नाही. पुढे मीठ धुऊन गेलं. राता पुन्हा उभा राहिला, विरळ होता पण लाल होता. आणि भात काढल्यावर काकींनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शेतात, बांधाच्या त्याच कोपऱ्यात, कलिंगडाचे थोडे वेल लावले. कुंपण नाही, राखण नाही, बुजगावणं नाही. यशवंतभाऊंना राहवेना. त्यांनी माझ्यामार्फत विचारलं की कुंपण घालून देऊ का. काकींनी माझ्यामार्फत कळवलं की ते विकायला लावलेलं नाही.

मार्चमध्ये मी बांध बघायला गेले असताना काकी शेतातून एक फुटकं कलिंगड घेऊन वर आल्या आणि मला म्हणाल्या, चल. आम्ही यशवंतभाऊंच्या अंगणात गेलो. ते पायरीवर बसले होते, उठून उभे राहिले. काकींनी कलिंगड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. एका बाजूला कोल्ह्याचे दात स्पष्ट उमटलेले दिसत होते. ते त्याकडे बघून म्हणाले, "वयनी, तुमचं शेत माझ्यापायी गेलं."

"गेलं होतं," काकी म्हणाल्या. "आता आलं. विळी आणा."

चावलेला अर्धा भाग त्यांनी कापून बाजूला काढला, तो परत बांधावर ठेवायचा म्हणून. उरलेल्याच्या तीन फोडी केल्या. यशवंतभाऊ फोड हातात धरून नुसतेच बसले होते, डोळ्यांतलं पाणी पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. "खावा भावोजी," काकी म्हणाल्या. "पांढरं निघायचं नाय. कोल्ह्यानं बघून दिलंय."

इतकं गोड कलिंगड मी नंतर खाल्लं नाही.